हिरव्या वायरची घडी

वीजकाकांना विजेतलं काही म्हणजे काही कळत नाही, हे अख्ख्या गल्लीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस म्हणजे खुद्द वीजकाका.

आता तुम्ही विचाराल, मग हे नाव पडलं कसं? तर काकांनी एकतीस वर्षं वीज कार्यालयात नोकरी केली, हे शंभर टक्के खरं. पण ती केली आवक-जावक विभागात. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, वहीत चढवायचं. जाणाऱ्या पत्राचंही तेच. एवढ्या वर्षांत त्यांनी पक्कड हातात धरली ती एकदाच, तीसुद्धा टेबलाचा अडकलेला खण ओढायला. पण लोकांना खातं दिसतं, विभाग कोण विचारत बसतो? कुणाचा पंखा अडला, कुणाचा दिवा मिचमिचायला लागला, की "काका, जरा बघता का?" काका हात मागे बांधून जायचे, पंख्याकडे दोन मिनिटं गंभीर चेहऱ्याने बघायचे आणि म्हणायचे, "आधी मेन बंद करा. लोड आलाय. चांगल्या वायरमनला बोलवा." मागच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांना त्यांनी हाच सल्ला दिला होता, आणि गंमत म्हणजे तो कधी चुकला नव्हता.

काकूंचा तर त्यांच्यावर एवढा विश्वास, की "आमच्या ह्यांना बटणाच्या आवाजावरून कळतं" असं त्या चारचौघांत सांगायच्या. काका हे ऐकून नुसते हसायचे. तिथेच "अगं, नाही गं" म्हणाले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण माणसाला आयती मिळालेली अक्कल परत करवत नाही.

काकूंनी सव्वीस वर्षं बालवाडीत शिकवलं होतं. सव्वीस वर्षं त्या वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर बसायचं, मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधायला वाकायचं, आणि मग व्हायचं तेच झालं. कंबर गेली. सकाळी पलंगावरून उठायला त्यांना दहा मिनिटं लागायची, आणि उठताना त्या तोंडातून आवाज काढायच्या नाहीत, हे काकांना जास्त लागायचं. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास गरम पाण्यात बसा. हे लेकीने फोनवर ऐकलं, जावयाला सांगितलं, आणि पंधरा दिवसांत दारात एक खोकं येऊन पडलं. गरम पाण्याचा टब. दोघं बसतील एवढा, खालून बुडबुडे सोडणारा, पाणी स्वतः तापवणारा आणि तापलेलं ठेवणारा.

टब ठेवला मागच्या अंगणात, छपराखाली. सोबत चाळीस पानांचं माहितीपुस्तक होतं. काकांनी ते चष्मा लावून वाचलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं: स्वतंत्र वायर ओढा, अर्थिंग पक्कं करा, वीज गळली तर क्षणात तोडणारं बटण बसवा, जोडाजोडीची वायर वापरू नका, आणि हे सगळं परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि एक सुस्कारा सोडला.

"मग, कुणाला बोलवायचं?" त्यांनी हळूच विचारून पाहिलं.

"कुणाला म्हणजे?" काकू हसल्याच. "घरात एवढा जाणकार माणूस असताना बाहेरचा कशाला? लोक काय म्हणतील!"

लोक लगेच म्हणालेच. शेजारच्या शिवणवाल्या ताई कुंपणावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला काय हो, डाव्या हातचा मळ! माझ्या शिलाई मशीनसारखं लावायचं, पिन घातली की झालं." वरचे मास्तर जिना उतरून आले, टबाची लांबी-रुंदी वितीने मोजली, आणि सातशे लिटर पाणी अमुक अंश तापवायला किती वीज लागेल ते खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडून दाखवलं. उत्तर आलं, तुमच्या घराला मंजूर आहे त्याच्या दुप्पट. "लोड वाढवून घ्यावा लागेल, काका. तुम्हाला कोण अडवणार म्हणा. तुमचंच ऑफिस!"

हे बरीक काकांना पटलं. वायरीतलं कळत नसलं तरी अर्जातलं त्यांच्याएवढं कुणाला कळतं? इस्त्रीचा सदरा घालून, फाइल काखेत मारून ते दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक तीन. तीच खिडकी, तीच जाळी, आणि जाळीवर त्यांच्याच हस्ताक्षरातली पाटी: 'अपूर्ण अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. वाद घालू नये.' आत एक तरुण बाई बसल्या होत्या. निवृत्त होण्याआधी सहा महिने काकांनीच त्यांना शिकवून तयार केलं होतं.

"या, सर!" त्या उठून उभ्या राहिल्या. काकांची छाती फुगली. बाईंनी अर्ज हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि त्यांचा चेहरा पडला. "सर, ह्याला वायरमनचा तपासणी दाखला नाही."

"तो नंतर देतो. तू आत्ता आवक तर करून घे."

"पण सर, तुम्हीच शिकवलंत ना, देव जरी आला तरी दाखल्याशिवाय शिक्का मारायचा नाही." त्यांनी अदबीने अर्ज परत सरकवला. "वायरमन कोण आहे, सर?"

"मीच करतोय," काका म्हणाले.

बाईंनी वर बघितलं. "तुम्ही, सर?" एवढंच म्हणाल्या आणि पटकन मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढायला लागल्या. टोक आधीच काढलेलं होतं. काकांचे कान गरम झाले. मागच्या रांगेतल्या माणसाने "चला हो, आटपा" म्हटलं, तेव्हा ते भानावर आले आणि बाहेर पडले. येताना वाटेत त्यांनी स्वतःलाच चार शिव्या घातल्या, पण घरी आल्यावर काकूंनी "झालं का काम?" विचारलं तर तोंडातून निघालं, "झालं."

खोटं एकदा बोललं की ते पार पाडावं लागतं. काकांनी बाजारातून जोडाजोडीचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि दहा हात वायर आणली, कपडे धुण्याच्या मशीनच्या सॉकेटपासून अंगणापर्यंत ओढली, आणि बोर्ड भिजू नये म्हणून त्याला दुधाची रिकामी पिशवी बांधली. मग टबाची वायर सोलली, तर आतून तीन वायरी निघाल्या. लाल, काळी आणि हिरवी. घरातला सॉकेट जुना, त्याला खाचा दोनच.

आता इथे दुसरा कुणी असता तर घाबरला असता, किंवा निदान कुणाला तरी विचारलं असतं. पण काकांच्या मनात एकतीस वर्षांची कारकुनी जागी झाली. त्यांच्या विभागात प्रत्येक पत्राच्या तीन प्रती निघायच्या. एक ज्याला पाठवायची त्याला, एक ज्याने मागितली त्याला, आणि तिसरी कार्यालयीन प्रत. ती नीट घडी घालून फाइलला लावायची. ती पुढे कुणी बघत नाही. लाल आणि काळी जोडल्या की काम चालतंय, म्हणजे हिरवी ही कार्यालयीन प्रत, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांनी हिरव्या वायरीची सुबक घडी घातली, तिला चिकटपट्टी गुंडाळली, आणि सवयीने तिच्यावर पेनने तारीखही टाकली.

बटण दाबताच फ्यूज उडाला. काकांना हे अपेक्षित होतं. लोड आला होता. फ्यूजमध्ये एक तार होती, त्यांनी तीन घातल्या. महत्त्वाचं काम म्हटलं की तीन प्रती. आणि काय सांगू, टब गुरगुरला! खालून बुडबुडे आले, पाणी कोमट झालं, काकूंनी टाळ्या वाजवल्या. काकांना स्वतःविषयी इतका आदर पूर्वी कधीच वाटला नव्हता.

काकूंनी ओल्या फरशीवर उभं राहून घोट्यापर्यंत पाय पाण्यात घातला. "अगंबाई! अहो, मुंग्या येतायत."

"येणारच," काका म्हणाले. "नसा मोकळ्या होतायत."

"इतक्या लवकर?"

"चांगल्या प्रतीचा टब आहे."

काकूंचा चेहरा उजळला. पाय काढून त्या तशाच ओल्या पावलांनी कुंपणापाशी गेल्या आणि ताईंना, येताना जिन्यातून मास्तरांनाही, सांगून आल्या, उद्या रविवार, सकाळी दहाला या, मी टबात बसणार आहे, तुम्हीही पाय बुडवा, नसा मोकळ्या होतात.

संध्याकाळी काकूंची पाठ वळल्यावर काकांनी, सहज म्हणून, पाण्यात बोट घातलं. पुढच्या क्षणी ते भिंतीला टेकले होते आणि त्यांची चप्पल तुळशीच्या कुंडीत जाऊन पडली होती. आतून काकूंनी विचारलं, "काय हो, काय पडलं?" काका म्हणाले, "मांजर."

ह्या मुंग्या नव्हत्या. एवढं तर आवक-जावक विभागातल्या माणसालाही कळतं. बायकोने याच पाण्यात पाय घातला होता, आणि त्यांनी तिला नसांबद्दल सांगितलं होतं. आत जायचं आणि सरळ सांगून टाकायचं, इतकं सोपं होतं. ते दारापर्यंत गेलेही. आत काकू लेकीशी फोनवर बोलत होत्या, "अगं, तुझ्या बाबांनी एकट्याने केलं सगळं. माणूस नाही बोलावला." काका दारातूनच मागे फिरले. त्यांनी त्या सॉकेटचा फ्यूज काढून मीटरच्या फळीवर ठेवला आणि काकूंना येऊन सांगितलं की नव्या टबाचं पाणी आधी रात्रभर मुरू द्यावं लागतं. काकूंनी मान डोलावली. त्यांनी शंका घेतली असती तर बरं झालं असतं, असं काकांना त्या क्षणी वाटलं.

रविवारी सकाळी काका न्हाणीघरात दाढी करत होते. आज सगळ्यांना काय थाप मारायची याची जुळवाजुळव चालली होती. एक गाल झाला, दुसऱ्या गालावर साबण, आणि तेवढ्यात अंगणातून आवाज आला. गुर्रर्र. बुडबुड, बुडबुड.

काकांच्या हातातला वस्तरा बेसिनमध्ये पडला. झालं होतं असं की मास्तर दहाच्या ठोक्याला आले, मीटरच्या फळीवर काढून ठेवलेला फ्यूज त्यांना दिसला, आणि "काका विसरले वाटतं" म्हणत त्यांनी तो प्रेमाने बसवून टाकला.

"उतरू नकोस!" काका ओरडले. "पाण्यात उतरू नकोस!"

"अहो, हो, तुमच्यासाठीच थांबलेय," अंगणातून काकूंचा हसरा आवाज आला. "या लवकर. एकच पाय घालते."

काका धावले. अंगणाकडे नाही, पुढच्या व्हरांड्याकडे, कारण उभ्या आयुष्यात त्यांना विजेतलं एकच खात्रीचं माहीत होतं: आधी मेन बंद करा. वाटेत स्टुलाला अडखळले, गुडघा फुटला, पण त्यांनी मेनचा दांडा गाठला आणि दोन्ही हातांनी खाली ओढला. गुरगुर थांबली. मग ते अंगणात आले. बनियन, अर्ध्या तोंडाला साबण, गुडघ्यातून रक्त. काकूंचा एक पाय अधांतरी होता, पाण्यापासून चार बोटं वर.

"लोड आला का?" मास्तरांनी जाणकारासारखं विचारलं.

"लोड नाही," काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "पाण्यात वीज उतरलीय. आणि मास्तर, मला ते कालपासून माहीत आहे."

ताईंनी पाय बुडवायला साडी जराशी वर धरली होती, ती सोडली.

"मला विजेतलं काही येत नाही," काका पुढे बोलत राहिले, कारण एकदा थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "मी आवक-जावकमध्ये होतो. शिक्के मारायचो. लोड मंजूर झालेला नाही. माणूस बोलवायची मला लाज वाटली. आणि अगं, काल तुला ज्या मुंग्या आल्या ना…"

काकूंनी पाय खाली घेतला. "त्या नसा नव्हत्या," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मी तुमच्या भरवशावर पाय घातला होता हो," काकू म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर काकांनी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं आणि जरा हलके झाले असते.

दुपारपासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. काकूंनी कपाटातून बालवाडीतली लाकडी पट्टी काढली, आणि घरातलं कुठलंही बटण दाबायचं झालं की त्या पट्टीने दाबायला लागल्या. पंखा लावायचा, पट्टी. दिवा लावायचा, पट्टी. लांब उभं राहून, हात ताणून, टक्. तोंडाने एक अक्षर नाही. काका पेपरामागे तोंड लपवून बसायचे आणि दर टक्‌ला पेपर आणखी वर धरायचे. मुलांना कधी मारायला न उचललेली ती पट्टी काकांना मात्र दिवसातून चाळीस वेळा बसत होती.

तिसऱ्या दिवशी काका स्वतः चालत जाऊन वायरमन घेऊन आले. वायरमन म्हणजे एक चाळिशीच्या बाई होत्या, खांद्याला पिशवी, कानामागे टेस्टर. त्यांनी अंगणात पाऊल टाकलं, दुधाची पिशवी बघितली, फ्यूजमधल्या तीन तारा बघितल्या. मग चिकटपट्टी सोडवून हिरवी वायर तळहातावर घेतली.

"ही घडी कुणी घातली?"

"मी," काका म्हणाले.

"तारीखपण टाकलीय," बाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली आणि काकांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "खिडकी नंबर तीन. बरोबर ना? माझा परवान्याचा अर्ज तुम्ही तीनदा परत केला होता, काका. एकदा तिसरी प्रत नव्हती म्हणून, एकदा समास कमी म्हणून, आणि एकदा टाचणी उजवीकडे लावली म्हणून."

काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "समास कमी असला की टाचणी अक्षरावर येते," ते पुटपुटले, आणि मग त्यांना स्वतःचीच इतकी शरम वाटली की ते मोरीत जाऊन उगाच हात धुऊन आले.

पण बाई मनाच्या मोठ्या निघाल्या, किंवा त्यांना आणखी कामं असतील. त्यांनी काकूंना शेजारी बोलावून समजावलं. "काकू, ही हिरवी म्हणजे अर्थिंग. यंत्रात कुठे वीज गळली तर ती हिच्यातून गुपचूप जमिनीत जाते. हिला घडी घालून झोपवलं, तर गळलेली वीज जाणार कुठून? पाण्यात पाय असेल त्याच्या अंगातून." काकू "हं" म्हणाल्या. काकांकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर काकांनी कुठे बघायचं हा प्रश्नच होता.

काम चांगलं आठवडाभर चाललं. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून नवं अर्थिंग पुरलं. मीटरपासून टबापर्यंत जाड, अखंड वायर पाइपातून आली, मध्ये एकही जोड नाही. वीज गळली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडणारं बटण बसलं, आणि टबाचा स्विच, पाण्यात बसून हात पोचणार नाही इतक्या लांब, भिंतीवर गेला. बाईंनी तपासणीचा दाखला लिहून दिला आणि म्हणाल्या, "अर्ज तेवढा तुम्ही लिहा, काका. तुमच्यासारखा कुणाला जमायचा नाही." यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यांनी अर्ज असा लिहिला की बघत राहावं. तीन प्रती, समास चार बोटं, टाचणी डावीकडे. खिडकी क्रमांक तीनने एका फटक्यात शिक्का मारला. एवढ्या सगळ्या खटाटोपात काकांच्या हातून बरोबर झालेलं काम हे एवढंच.

लोड मंजूर झाला त्या दिवशी संध्याकाळी बाई शेवटची तपासणी करायला आल्या. टब भरला, तापला, गुरगुरला. ताई कुंपणाशी, मास्तर जिन्यात, पण यावेळी दोघेही आपापल्या अंतरावर. काकू हातात पट्टी घेऊन उभ्या राहिल्या.

"आधी तुम्ही बसा," त्या काकांना म्हणाल्या. दोन आठवड्यांतलं त्यांचं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं.

बाईंनी सगळं मीटर लावून तपासलंच होतं, पण काकांनी आधी काठाला नुसतं नख लावून पाहिलं. अर्धी चड्डी आणि बनियन, अशा वेषात ते सगळ्यांच्या देखत टबात उतरले. पाणी छातीपर्यंत आलं, बनियनमध्ये हवा शिरून ते फुगलं आणि खालून बुडबुडे यायला लागले. आणि नेमका तेव्हाच मागच्या दारातून इस्त्रीवाला आत आला. त्या रविवारची बातमी त्याच्या गल्लीत पोचलीच नव्हती.

"काका, बरं झालं भेटलात. माझी इस्त्री झटका मारतेय हो. जरा बघता का?"

मास्तर जिन्यात एक पायरी खाली आले. सवयीने काकांचा चेहरा गंभीर झाला, हात पाण्याखालीच मागे बांधले गेले, आणि 'लोड' हा शब्द अगदी जिभेवर आला. त्यांनी तो गिळला.

"मला त्यातलं कळत नाही रे," ते म्हणाले. "तेव्हाही कळत नव्हतं. उगाच मोठेपणा मिरवत होतो. इस्त्री वापरू नकोस, आणि ह्या बाई उभ्या आहेत ना, त्यांना दाखव."

इस्त्रीवाला एकदा काकांकडे आणि एकदा फुगलेल्या बनियनकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणून तो बाईंकडे वळला. जग बुडालं नाही. ताई तर सुपारी कातरत होत्या, त्यांचा अडकित्तासुद्धा थांबला नाही.

काकू टबाच्या काठाशी आल्या. "काय हो," त्यांनी विचारलं, "बसू का मी?"

लग्नाच्या पस्तीस वर्षांत या असल्या प्रश्नाला काकांनी नाही माहीत असं उत्तर कधी दिलं नव्हतं. "मला विचारू नकोस गं," ते म्हणाले. "मला नाही माहीत. बाईंना विचार."

बाईंनी भिंतीवरचं तपासणीचं बटण दाबलं. खट्. टब जागच्या जागी गप्प झाला. पुन्हा चालू केला. "बसा, काकू. बिनधास्त."

पण काकू बाईंकडे बघतच नव्हत्या. त्या काकांकडे बघत होत्या. मग त्यांनी पट्टी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, पदर खोचला, काकांचा ओला खांदा धरला आणि एक पाय पाण्यात घातला.

"मुंग्या येतायत?" काकांनी घाबरत विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "गरम आहे छान. सरका तिकडे."